ओल्यानाच्या शेजारी

सोस्निव्कात कुणी गेलं की पहिला निरोप फादरकडे जायचा नाही, तिमको सावचिनकडे जायचा. फादर राहायचे साठ मैलांवर. चार गावांची चार चर्चं त्यांच्या गळ्यात, आणि बर्फ पडलं की ते कुठल्या तरी पाचव्याच ठिकाणी अडकलेले असायचे. तिमको मात्र गावातच होता, रेल्वेकाठच्या धान्याच्या कोठारावर कामाला. कुणीतरी येऊन वजनकाट्याच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि डोक्यावरची टोपी काढायचं. टोपी निघाली की तिमको समजायचा.

"कोण?" एवढंच विचारायचा तो. नाव ऐकलं की छातीवर क्रूस करायचा, अंगावरचा भुसा झटकायचा आणि घरी जाऊन ओल्यानाला सांगायचा, "काळा कोट काढून ठेव."

तिमको चर्चचा द्याक होता. फादर एक ओळ म्हणणार आणि तिला सगळ्या लोकांच्या वतीने गाऊन उत्तर देणार तो द्याक. त्याच्यावाचून फादरचे शब्द नुसतेच छतापर्यंत जाऊन विरायचे. पगार नाही, मान नाही म्हणावं तर आहे, पण तोही असा, की लग्नात कुणाला तुमची आठवण होत नाही आणि मयतीला तुमच्यावाचून चालत नाही.

गाव तसं लहान. दक्षिणेला गहूच गहू, आभाळ टेकेपर्यंत. रेल्वेचे रूळ ओलांडून उत्तरेला गेलं की पॉप्लरची झाडी सुरू व्हायची, मग देवदार, मग सरकारी राखीव रान आणि त्यातली तळी. उन्हाळ्यात अस्वलं गावाच्या उकिरड्यावर येऊन बसायची, आणि बायका कपडे वाळत घालता घालता त्यांना ओरडून हाकलायच्या. तिमकोचा बाप त्या रानातच गेला. एकोणीसशे तीसच्या हिवाळ्यात लाकूडतोडीच्या कामावर एक देवदार भलत्याच बाजूला पडला. घसरगाडीवर घालून त्याला घरी आणलं तेव्हा वादळ सुरू झालं होतं. फादर येऊ शकले नाहीत. म्हातारा द्याक याकीम तापाने अंथरुणाला खिळलेला. पाच शेजाऱ्यांनी मिळून खड्डा खणला, आठवतील तेवढ्या प्रार्थना पुटपुटल्या आणि माती लोटली.

"मुका गेला रे माझा माणूस," तिमकोची आई म्हणायची. "कुत्र्याला पुरावं तसा पुरला. कुणी एक ओळ गायलं नाही." आधी रडत म्हणायची. पुढे रडणं थांबलं, पण म्हणणं थांबलं नाही. पीठ मळताना म्हणायची, गाय पिळताना म्हणायची. तिमको तेव्हा अकरा वर्षांचा होता. वसंतात बर्फ वितळल्यावर तो आपण होऊन याकीमच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय पाहिजे?" याकीमने विचारलं.

"मयतीचं गाणं शिकायचंय."

"आधी इतर दिवसांचं शीक. मेलेले थांबतील, त्यांना कुठे जायचंय."

याकीमने बारा वर्षं शिकवलं. चर्चच्या उजव्या कोपऱ्यात पोथी ठेवायची उंच घडवंची होती. तिच्यापाशी त्याला उभं करायचा आणि सांगायचा, "इथून हलायचं नाही. इकडे तिकडे बघायचं नाही. लोकांच्या तोंडाकडे बघितलंस की रडशील, आणि रडलास की सूर गेला." त्रेचाळीस साली याकीम गेला तेव्हा तिमकोनेच त्याला गाऊन पोचवलं. आवाज काही भव्य नव्हता त्याचा, पण एका पातळीवर चालणारा, घाई नसलेला होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस मध्येच आपल्याला सोडून जाणार नाही.

ओल्याना रानाच्या कडेच्या शेतावरची. कुठल्या पावसानंतर कुठल्या झाडाखाली कुठली अळंबी येणार, ते तिला पाठ होतं. बोलायला कमी, पण बोलली की नेमकी. गाण्याच्या बाबतीत मात्र अगदी औरंगजेब. लग्नानंतर पहिल्याच ईस्टरला ती चर्चमध्ये मोठ्याने गायली आणि घरी येताना तिमको म्हणाला, "ओल्यू, तू गात जाऊ नकोस. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

"मग तू चूल पेटवत जाऊ नकोस," ती म्हणाली. "आपलं दोघांचं ठरलं." तेव्हापासून ती चर्चमध्ये फक्त ओठ हलवायची. बायकांची बाजू डावीकडे, आणि तिमको उजव्या कोपऱ्यात. लग्नाचा दिवस सोडला तर त्या चर्चमध्ये ती दोघं शेजारी शेजारी अशी कधी उभी राहिलीच नाहीत. त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

शेजारी फेदिर आणि पावलिना. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सावचिनांच्या मुलांवर निम्मा हक्क त्यांचा. मयतीनंतर चर्चशेजारच्या हॉलमध्ये जेवण असायचं, तिथे फेदिर हमखास तिमकोच्या समोर बसायचा.

"तिमको, तुझं गाणं ऐकलं की मेलेल्याचा हेवा वाटतो बघ. पण माझ्या वेळी घाई करायची नाही. माझ्या सासूला तू वीस मिनिटांत उरकलंस."

"बाहेर उणे पस्तीस होतं. तुझ्या सासूलाच खाली उबेला जायची घाई झाली होती."

"माझ्या आईचं नाव काढाल," पावलिना उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोहींच्या परातीमागून म्हणायची, "तर आज दोघांनाही पिरोही मिळणार नाहीत. कांदा चावत बसा."

बोहदान पन्नास साली झाला, मार्ता पंचावन्नला. बोहदान आपल्यानंतर घडवंचीपाशी उभा राहील असं तिमकोने मनात धरलं होतं, पण पोराचा गळा आईवर गेला होता आणि हात भलतीकडेच वळत होते. दहाव्या वर्षी त्याने फेदिरचा ट्रॅक्टर खोलून पुन्हा जोडला, आणि एक स्क्रू उरला तो खिशात टाकून पसार झाला. घरात शिरला की आधी हसण्याचा आवाज यायचा, मग तो यायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो हिवाळ्यात रानातली लाकडं ट्रकने आणायच्या कामाला लागला. ट्रक गोठलेल्या तळ्यावरून यायचे, वीस मैलांचा वळसा वाचायचा. एकोणसत्तरच्या मार्चमध्ये तीन दिवस उबदार वारा सुटला. ओल्याना म्हणाली, "बर्फ आता सांगून तुटायचं नाही, बोहदान. राहू दे."

"शेवटची खेप, आई. मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुझ्या चुलीपाशीच बसतो. कंटाळशील."

ट्रक पैलतीरापासून दोनशे हातांवर खाली गेला. पोरगा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

जमीन दगडासारखी होती. फेदिरने आणि इतरांनी कबरीच्या जागी पेंढा आणि कोळसा पसरून पेटवला, वर पत्रे झाकले आणि दीड दिवस पाळ्या लावून आग राखली, तेव्हा कुठे कुदळ शिरली. फादर आदल्या दिवशीच येऊन पोचले होते. त्यांनी तिमकोला बाजूला घेतलं.

"शेजारच्या गावचा द्याक यायला तयार आहे. तू उद्या बाप म्हणून उभा राहा."

"नको. माझ्या पोराला मीच पोचवणार."

"तिमको, जमेल का?"

"परक्यांना गायलो आणि घरच्याला नाही, असं व्हायचं नाही."

तो दिवस सोस्निव्काच्या लोकांनी जन्मभर सांगितला. बाप कोपऱ्यात उभा राहून मुलाच्या मयतीचं गायला आणि आवाज एकदाही फाटला नाही. चर्चमध्ये माणसं दाटली होती, बाहेर पायऱ्यांवरही होती. ओल्याना शवपेटीपाशी होती. शेजारी चौदा वर्षांची मार्ता, आईचा कोपर धरून. शेवटच्या निरोपाच्या आधी ओल्यानाचे गुडघे गेले. मागून फेदिर धावला आणि त्याने तिला बगलेत धरून सावरलं. तिमकोने ते पाहिलं. याकीमने सांगितलं होतं बघायचं नाही, पण त्याने पाहिलं. तो ओळीच्या मध्यावर होता. त्याने ओळ पुरी केली.

घरी आल्यावर ओल्यानाने लोकांनी आणलेली भांडी धुतली, पुसली आणि ज्याची त्याला द्यायला वेगवेगळी रचून ठेवली. तिमको टेबलापाशी बसून होता. ती काही म्हणाली नाही. त्याने मनात घेतलं, दुःखाने गप्प आहे. दुःख होतंच.

पुढे दोघांचं नीट चाललं. भांडणं नाहीत, अबोला नाही. बोहदानचा विषय आला की ती उठून काहीतरी काम काढायची. अळंबीला जायची, पण तळ्याच्या बाजूला पाऊल टाकायची नाही. चर्चमध्ये रविवारी ओठ हलवायची तेही थांबलं, पण ते उजव्या कोपऱ्यातून कुणाला दिसणार?

वीस वर्षं गेली. आधी आगगाडी थांबायची बंद झाली, मग शाळा गेली, मग दुकान. कोठार पाडलं त्या दिवशी तिमको रुळांवर उभा राहून बघत होता. पडताना एवढा धुरळा उडाला की गावातल्या सगळ्या कुत्र्यांना शिंका आल्या, असं फेदिर सांगायचा. पोरं शहरात गेली. मार्ता नर्स झाली, तिकडेच लग्न केलं, दर रविवारी फोन करायची. आजूबाजूच्या गावांतले द्याक एकेक करून गेले आणि त्या सगळ्यांना तिमकोच गायला. शेवटी शंभर मैलांच्या टापूत तो एकटाच उरला. शहरात होता एक शिकलेला तरुण, पण त्याला बोलवायचं तर रस्ता उघडा हवा.

अठ्ठ्याऐंशीच्या शरदात ओल्यानाचं पोट दुखायला लागलं. शहरातल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. ती म्हणाली, "मला घरी न्या." खिडकीपाशी, स्वयंपाकघराला लागून तिची खाट लावली. जानेवारीतली एक दुपार होती. तिमको बीट सोलत बसला होता, हात मनगटापर्यंत लाल. गेल्या दोन महिन्यांत तो बऱ्यापैकी बोर्श, म्हणजे बिटाचं सार, करायला शिकला होता.

"तिमको," ती म्हणाली. "माझ्या वेळी गाऊ नकोस."

त्याला वाटलं, तिला औषधाची भूल आहे. "काय म्हणतेस? मग कोण गाणार?"

"कुणी नको. फादर वाचतील तेवढं वाचतील. तू माझ्याजवळ उभा राहा. इतर बायकांचे नवरे राहतात तसा."

"ओल्यू..."

"बोहदानच्या वेळी मी एकटी होते."

"मी होतो की तिथे. दहा पावलांवर."

"अकरा. नंतर एकदा चर्च पुसायची माझी पाळी होती, तेव्हा चालून बघितलं."

तिमकोने सुरी खाली ठेवली.

"माझे गुडघे गेले," ती म्हणाली. "तू बघितलंस. तू बघितलंस तेही मला दिसलं. आणि मग तू ओळ पुरी केलीस."

"लोक म्हणाले, किती छान गायला," ती पुढे बोलली. "छानच गायलास. मला काय सुरातलं कळतंय, पण तेवढं कळलं. मला गाणं नको होतं रे तेव्हा. एक हात पाहिजे होता. चौदा वर्षांच्या पोरीच्या जिवावर उभी होते मी."

"वीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तू घरी आलास तो नुसता रिकामा होऊन आलास. तुझ्यापाशी देण्यासारखं तेवढंच होतं, ते देऊन आला होतास. त्याला मी काय नावं ठेवणार?"

"मग आता?"

"आता मी निघालेय. आता मागितलं तर चालतं."

"तुला मुकी कशी जाऊ देऊ, ओल्यू? माझा बाप..."

"ठाऊक आहे. तुझा बाप मुका गेला. तुझ्या आईचं ते रडणं तू गावातल्या प्रत्येक घरात जाऊन गायलास, चांगलं केलंस. पण मी तुझी आई नाही. मला चालेल. शब्द दे."

त्याने दिला. लाल हातानेच तिचा हात धरून दिला. ती हाताकडे बघून म्हणाली, "बघ, चादर खराब केलीस." आणि थोड्या वेळाने, "मला ते निळं पोलकं घालू नका. त्यात मी आजारी दिसते."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, मार्ता तिचे केस विंचरत असताना ती गेली.

फादर नवे होते, तरुण. त्यांनी फोनवर सहज विचारलं, "गाणार आपणच ना?"

"नाही," तिमको म्हणाला.

"बरं नाही का?"

"बरा आहे. गाणार नाही."

शहरातला द्याक निघाला खरा, पण वादळाने रस्ता बंद झाला आणि तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. फादर त्याच्या आधीच कसेबसे पोचले होते. फेदिर तावातावाने घरात शिरला.

"डोकं फिरलंय का तुझं? सगळ्या गावाला गायलास. त्या दारुड्या मिखायलोला, ज्याने तुझी गाय मारली, त्याला गायलास! आणि हिला नाही?"

"नाही."

"का पण?"

तिमकोने चुलीत लाकूड सारलं. सांगितलं असतं तर फेदिर गप्प झाला असता. पण मग ओल्यानाची तक्रार गावभर झाली असती, आणि वीस वर्षं तिने ती तोंडाबाहेर काढली नव्हती. लोक आपल्याला वेडा म्हणोत, हट्टी म्हणोत, असं त्याने ठरवून टाकलं.

चर्चमध्ये सव्वीस माणसं होती. उजव्या कोपऱ्यातली घडवंची रिकामी. तिमको शवपेटीच्या एका बाजूला, मार्ता दुसऱ्या बाजूला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. इतकी वर्षं हातात पोथी असायची. शेवटी त्याने पेटीची कड धरली.

फादरनी पहिली ओळ म्हटली आणि सवयीने थांबले. उत्तर आलं नाही. मेणबत्त्यांची चुरचुर ऐकू आली. फादरनी उत्तर स्वतःच पुटपुटलं आणि पुढे गेले. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी पावलिनाला राहवलं नाही, तिने आणि आणखी दोन म्हाताऱ्यांनी सूर लावला, पण तो वर चढायच्या जागी तिघी तीन वाटांना गेल्या आणि ओशाळून थांबल्या. त्यानंतर कुणी प्रयत्न केला नाही. प्रत्येक ओळीला तिमकोच्या गळ्यात उत्तर वर यायचं. मार्ताला त्याच्या गळ्याची घाटी वर खाली होताना दिसत होती. तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा आणि ते पुन्हा खाली ढकलायचा.

आणि त्या जागेवरून तो पहिल्यांदाच बघत होता. कोपऱ्यातून फक्त पेटीची कड आणि फुलं दिसतात. इथून चेहरा दिसत होता. नाकाच्या बाजूची ती बारीक खूण, लहानपणी फांदी लागली होती तिची. कानाजवळ मार्ताने नीट न बसवलेली बट. घरचे लोक इतका वेळ हे बघत उभे असतात, हे त्याला माहीत नव्हतं. एवढ्या जणांना गायला होता तो, आणि माहीत नव्हतं. शेवटच्या निरोपाच्या वेळी वाकला तो वाकलेलाच राहिला. मार्ता पेटीला वळसा घालून आली आणि तिने त्याला उठवलं.

कबरीवर माती पडली ती नुसत्या वाऱ्याच्या आवाजात.

हॉलमध्ये त्या दिवशी कुणी तिमकोच्या समोर बसलं नाही. फेदिरसुद्धा नाही.

मार्ता घरी येईपर्यंत थांबली. मग स्वयंपाकघरात कोटही न काढता म्हणाली, "तातो, मला एकदाच सांग. आईने तुझं काय वाकडं केलं होतं?" बापाला ती तातो म्हणायची.

"काही नाही."

"मग तिला असं का पाठवलंस? तुझ्या बापाची गोष्ट ऐकत मोठे झालो आम्ही. मुका गेला, मुका गेला. आणि तू आईला..."

तेव्हा त्याने सांगितलं. सगळं, अकरा पावलांसकट. ऐकता ऐकता मार्ता खुर्चीवर बसली. बराच वेळ ती टेबलावरच्या मेणकापडाच्या फुलांवरून बोट फिरवत राहिली.

"माझा हात बधिर झाला होता," ती अखेर म्हणाली. "बोहदानच्या वेळी. आई सगळा भार टाकून उभी होती, आणि मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, तातो आता येईल. ही ओळ संपली की येईल. मग दुसरी सुरू व्हायची."

तिमको टेबलावर डोकं टेकून रडला. बोहदानच्या वेळी राहिलेलं, ओल्यानाच्या वेळी राहिलेलं, सगळं त्या दुपारी आलं. मार्ताने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि रडणं ओसरल्यावर चहा केला.

पुढच्या आठवड्यात तिमकोने पोथ्या फादरच्या हवाली केल्या. "माझं झालं," म्हणाला. गावात काय काय बोललं गेलं. कुणी म्हणालं म्हातारपणी देवावर रुसला, कुणी म्हणालं घशात गाठ आहे. फेदिर महिनाभर बोलला नाही. मग एक दिवस सशांच्या कुंपणाची तार उसनी मागायला आला, आणि तार न नेताच दोन तास बसून गेला.

फेदिर नव्वदच्या ऑगस्टमध्ये गेला. गव्हाची कापणी चालू होती. मशीन शेताच्या टोकाला जाऊन कुंपणाला धडकून थांबलं, आणि तो आत स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलेला. पावलिना स्वतः तिमकोच्या दारात आली. डोक्याला रुमाल नव्हता. पावलिनाला तसं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"तू का सोडलंस ते मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "पण माझ्यामागे कुणी नाही, तिमको. ना पोर, ना भाऊ. त्याला मी कशी पोचवू?"

तिमकोने काळा कोट स्वतःच शोधून काढला.

मार्ता शहरातून आली होती. लोकांना वाटलं, तिमको आता कोपऱ्यात जाणार. फादरनी तिथे पोथी उघडून ठेवलीही होती. तिमको तिथे गेला, पोथी उचलली, आणि थोडा वेळ घडवंचीकडे पाठ करून उभा राहिला. मग तो चालत मधोमध आला आणि शवपेटीपाशी पावलिनाच्या शेजारी थांबला. डाव्या हातात पोथी, उजवा हात तिच्या कोपराखाली. फादरनी पहिली ओळ म्हटली आणि त्याने तिथूनच उत्तर दिलं.

दीड वर्ष न वापरलेला एकाहत्तर वर्षांचा गळा. आवाज दोनदा फाटला, एकदा अगदीच बसला. फेदिरचा चेहरा समोर असल्यामुळे मध्ये रडूही आलं, आणि रडत रडत तो गायला. निरोपाच्या वेळी पावलिनाचा सगळा भार त्याच्या हातावर आला. तो एक पाय मागे टेकवून उभा राहिला आणि गातच राहिला.

जेवणं झाल्यावर तो आणि मार्ता चर्चच्या पायऱ्यांवर बसले होते. समोर कापलेल्या शेतात बगळे उतरत होते.

"तातो," ती म्हणाली, "असं तेव्हा का नाही उभा राहिलास?"

"कधी?"

"बोहदानच्या वेळी. आईच्या वेळी. जवळ उभं राहून गाता येतं की."

तिमकोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुचलंच नाही गं," तो म्हणाला. "द्याकाची जागा कोपऱ्यात. याकीमने मला तिथे उभं केलं, मी तिथेच राहिलो. आज पोथी उचलली तेव्हा पावलिना पडायला झालेली दिसली म्हणून गेलो. गेल्यावर कळलं, इथूनही गाता येतं." मग म्हणाला, "तुझ्या आईलाही सुचलं नाही बघ. एवढी हुशार बाई. सुचलं असतं तर सांगितलं असतं तिने."

मार्ताने त्याची टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला धरून घरी घेऊन गेली.

त्यानंतरची चार वर्षं तो तसाच गायला, घरच्या माणसांत उभा राहून. आवाज उतरत गेला, पण लोक बोलवायचे. चौऱ्याण्णव साली चर्च बंद झालं, कारण रविवारी सहा माणसं यायची, आणि त्यांतल्या दोघांना ऐकू येत नव्हतं. तिमको पुढच्या गावातल्या वृद्धाश्रमात गेला. तिथे जेवणाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कुणी बसू लागलं की सांगायचा, "ती ओल्यूची आहे," आणि मग आठवण झाली की ओशाळून स्वतःच खुर्ची ओढून द्यायचा.

शहाण्णवच्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याच्यासाठी एक दिवस चर्च उघडलं. शहरातला द्याक आला. चांगला, तयारीचा गळा होता त्याचा. रीतीप्रमाणे तो कोपऱ्यात उभा राहून गायला. मार्ता आणि तिचा नवरा शवपेटीपाशी उभे होते. पलीकडे, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी, पावलिना काठी टेकत येऊन उभी राहिली. पॉप्लरची पानं गळून गेली होती, जमीन अजून गोठली नव्हती, म्हणून खड्डा लवकर झाला. ओल्याना आणि बोहदान यांच्यामध्ये जागा राखलेलीच होती.

हॉलमध्ये जेवायला माणसं कमी पडली. पावलिनाने उरलेलं बोर्श काचेच्या बरण्यांत भरलं, झाकणं घट्ट लावली आणि दोन बरण्या शहरच्या द्याकाच्या गाडीत नेऊन ठेवल्या. तो नको नको म्हणत होता. "घेऊन जा," ती म्हणाली. "इथे आता खाणार कोण?"